मक्का, पंढरी आणि आपले इंदूर

शब्द हे माणसांसारखेच प्रवासी असतात. जन्मगावाहून निघालेला एखादा शब्द दूरच्या मुलखात कोणत्या वेषात भेटेल, याचा नेम नसतो. ‘मक्का’ हाच शब्द पाहावा. पावसाळ्यात इंदूरच्या एखाद्या चौकात तो उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोळशावर भाजलेले कणीस किंवा सराफ्यातील भुट्ट्याचा कीस उभा राहतो, कारण हिंदीत मक्याला मक्काच म्हणतात. त्याच चौकातील मशिदीत पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढणाऱ्या गृहस्थांच्या मनातील मक्का अर्थातच निराळी असते. आणि जवळच्या वर्तमानपत्राच्या दुकानात टांगलेल्या अंकात ‘क्रिकेट का मक्का’ असा मथळा झळकतो, तेव्हा ती वार्ता असते लंडनच्या लॉर्ड्स मैदानाची.

या तिसऱ्या मक्केविषयी आज थोडे विचारमंथन करावे, असे मनात आहे. आपल्या वैद्यकव्यवसायातही ही उपमा आता रुळली आहे. अमुक शहर हृदयरोगोपचारांची मक्का, तमुक शहर डोळ्यांच्या शस्त्रक्रियांची पंढरी, असे आपण परिषदांच्या व्यासपीठांवरून ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. इंदूरलाही मध्य भारताची वैद्यकपंढरी म्हणण्याचा मोह अनेकांना होतो, आणि तो अगदीच निराधार नाही. मात्र उपमा ही उसनी घेतलेली वस्तू असते. ज्याच्याकडून ती घेतली, त्याच्या घरी तिचे मोल काय आहे, हे जाणून घेणे हे सुसंस्कृत माणसाचे कर्तव्य ठरते.

उपमेचा जन्म

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी भाषेने हे नाव सामान्यनामासारखे वापरण्यास प्रारंभ केला. ज्या ठिकाणी एखाद्या छंदाचे वा धंद्याचे लोक ओढीने जमतात, ती त्यांची ‘मेक्का’. पुढे या शब्दाचे पावित्र्य इतके पातळ झाले की, विसाव्या शतकात ब्रिटनमधील नृत्यगृहे आणि बिंगो खेळण्याची सभागृहे याच नावाने चालू लागली. ज्या धर्माने जुगार निषिद्ध मानला, त्याच धर्माच्या परमपवित्र नगरीचे नाव जुगाराच्या दारावर लागावे, यापरता दैवदुर्विलास तो कोणता! १९८० च्या दशकात सौदी अरेबियाच्या शासनाने रोमन लिपीतील जुने लेखन बाजूला सारून ‘मक्का’ या मूळ उच्चाराशी जुळणारे लेखन अधिकृत केले. देवनागरीला ही अडचण कधीच आली नाही. आपण प्रथमपासून ‘मक्का’ असेच लिहीत आलो.

मराठीने याहून अधिक शहाणपणाची गोष्ट केली. तिने इंग्रजी उपमा जशीच्या तशी न उचलता आपल्या मातीतील प्रतिशब्द शोधला. लॉर्ड्स ही क्रिकेटची पंढरी झाली. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी जिथे ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, ती सांगली नाट्यपंढरी ठरली. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने तालमी गजबजल्या, ते कोल्हापूर कुस्तीची पंढरी म्हणून ओळखले जाऊ लागले. काशीचेही तसेच. पैठण, वाई, कोल्हापूर अशा कित्येक गावांच्या नावामागे ‘दक्षिण काशी’ हे बिरुद आपण लावतो. आता तर डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलांची काशी म्हणून कोट्याचे नाव घेतले जाते. आपल्यापैकी अनेकांच्या घरांतून त्या यात्रेस कोणी ना कोणी जाऊन आले असेल.

या साऱ्या उपमांत एक गोष्ट समान आहे. त्या तीर्थक्षेत्राची केवळ गर्दी आणि कीर्ती उचलतात. जिथे पुष्कळ लोक जातात ते तीर्थ, इतकाच तिथे अर्थ उरतो. खरे तीर्थ याहून पुष्कळ अधिक असते.

नगरी आणि तिचे यात्रेकरू

ज्यांच्या लेखणीतून ही उपमा प्रथम उतरली, त्यांपैकी बहुतेकांनी मक्का पाहिलेली नव्हती, आणि त्यांना ती पाहताही आली नसती. कारण त्या नगरीत मुसलमानेतरांस प्रवेश नाही. मुंबई इलाख्याच्या सैन्यात नोकरी केलेला रिचर्ड बर्टन हा इंग्रज अधिकारी १८५३ मध्ये वेषांतर करून तिथे जाऊन आला आणि त्याच्या वर्णनाने युरोपचे कुतूहल चाळवले. परंतु आपल्या माळव्याच्या दृष्टीने अधिक जवळची आणि अधिक प्रामाणिक यात्रा आहे ती भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम यांची. १८६३-६४ मध्ये मुंबईमार्गे समुद्रप्रवास करून त्यांनी हज केली. हिंदुस्थानच्या राज्यकर्त्यांपैकी हज करणाऱ्या त्या पहिल्या मानल्या जातात. त्यांनी आपल्या यात्रेचा वृत्तान्त उर्दूत लिहिला आणि १८७० मध्ये तो इंग्रजीत प्रसिद्ध झाला. श्रद्धेने गेलेल्या या कर्तबगार बाईंनी तिथली अस्वच्छता, वाटेवरील असुरक्षितता आणि कारभारातील ढिलाई याही गोष्टी निःसंकोच नोंदवल्या. श्रद्धा आणि डोळसपणा एकाच मनात नांदू शकतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मक्का ही मुळात उजाड डोंगरांमधील एक दरी. तिथे शेती नाही, नदी नाही. इसवी सन ५७० च्या सुमारास हजरत मुहम्मद पैगंबरांचा जन्म याच नगरीत झाला. कुराणात तिला दिलेले एक नाव बालरोगतज्ज्ञाच्या कानाला विशेष गोड लागते. ते नाव ‘उम्म-अल-कुरा’, म्हणजे वस्त्यांची आई.

या आईच्या घरी जाण्याचा नियम मात्र मनन करण्यासारखा आहे. हज हे इस्लामच्या पाच आधारस्तंभांपैकी एक आहे खरे, पण ते जन्मातून एकदाच आणि तेही ऐपत असणाऱ्यावरच बंधनकारक आहे. ऐपत म्हणजे केवळ पैसा नव्हे. प्रवास झेपेल असे शरीर हवे, वाट सुरक्षित हवी, देणेकऱ्यांची देणी फिटलेली हवीत, आणि मागे राहिलेल्या बायकामुलांच्या पोटापाण्याची, आपण परत येईपर्यंतची, तजवीज झालेली हवी. ज्याच्यापाशी हे नाही, त्याच्यावर हजचे बंधनच नाही. घर गहाण टाकून किंवा मुलांना उपाशी ठेवून यात्रा करावी, असे धर्म सांगत नाही. मक्केत पोचण्यापूर्वीच पुरुष यात्रेकरू दोन न शिवलेली पांढरी वस्त्रे परिधान करतात. त्या वेषात सावकार कोणता आणि हमाल कोणता, हे ओळखू येत नाही.

वैद्यनगरीची उलटी रीत

आता आपल्या वैद्यकीय मक्केकडे वळू. महाराष्ट्रात ‘वैद्यकपंढरी’ म्हटले की मिरजेचे नाव पुढे येते. डॉ. विल्यम वॉनलेस या मिशनरी शल्यविशारदांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उभारले आणि कोकणापासून कर्नाटकापर्यंतचे रुग्ण त्या छोट्या संस्थानी गावाकडे वळू लागले. १९४१ मध्ये मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, आणि आज कर्करोग म्हटले की देशाच्या कानाकोपऱ्यातील माणसाला परळचा रस्ता आठवतो. दक्षिणेत वेल्लोरचेही असेच आहे.

आपल्या इंदूरची परंपराही लहान नाही. होळकरांच्या काळापासून इथे वैद्यकीय शिक्षणाची सोय होती. किंग एडवर्ड मेडिकल स्कूलची देखणी वास्तू तिची साक्ष देत उभी आहे. १९४८ मध्ये महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, पुढे महाराजा यशवंतराव रुग्णालयाची भव्य इमारत उभी राहिली, आणि ‘एम. वाय.’ ही दोन अक्षरे माळवा-निमाडच्या खेडोपाडी अखेरच्या आशेचे नाव बनली. त्यानंतर खासगी रुग्णालये वाढली, अतिविशेष शाखा आल्या. धार, झाबुआ, अलिराजपूर, बडवानी, खरगोन, खंडवा, बुऱ्हाणपूर या जिल्ह्यांची पावले आजारपणात इंदूरकडेच वळतात.

आणि नेमक्या याच ठिकाणी आपली उपमा डळमळू लागते. खऱ्या मक्केला जाण्याचे बंधन निरोगी आणि ऐपतदार माणसावर आहे. वैद्यकीय मक्केला जावे लागते ते आजारी माणसाला, आणि पुष्कळदा ज्याची काहीच ऐपत नाही अशाला. तिथे कर्ज फेडून निघायचे असते, इथे कर्ज काढून. तिथे घरच्यांची सोय लावून निघायचे असते. इथे आई आजारी लेकराला छातीशी धरून निघते, आणि मागे राहिलेली दोन मुले शेजारणीच्या भरवशावर असतात. दीडशे-दोनशे किलोमीटरांवरील आदिवासी पाड्यातून आलेल्या बापाला ‘किती खर्च आला?’ असे विचारले की तो आधी गाडीभाडे सांगतो, मग बुडालेली मजुरी, मग विकलेली शेळी किंवा गहाण पडलेली चांदी. औषधांचा आकडा सर्वांत शेवटी येतो. माझ्या बाह्यरुग्ण विभागात हा क्रम मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता प्रश्न विचारण्यापूर्वीच उत्तर ठाऊक असते.

नवजात शिशूच्या बाबतीत तर प्रवास हाच एक आजार ठरतो. दीड किलो वजनाचे बाळ थंडीच्या रात्री तीन-चार तासांचा रस्ता कापून येते, तेव्हा त्याचे हातपाय गार पडलेले असतात, रक्तातील साखर उतरलेली असते. ज्या कारणासाठी ते निघाले ते कारण बाजूला राहते, आणि आमचे पहिले काही तास केवळ वाटेने केलेली हानी भरून काढण्यात जातात. वाटेत आईने त्याला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरले असते आणि वरून पांघरुण घेतले असते, तरी त्या बाळाची ऊब पुष्कळशी टिकली असती. हे ज्ञान फुकट आहे, परंतु ते निघताना कोणीतरी त्या माउलीला सांगावे लागते.

यात्रेकरूची काळजी

खऱ्या तीर्थक्षेत्रांनी यात्रेकरूंच्या प्राणांची किंमत मोजून काही धडे घेतले आहेत. सिकंदर बेगम परतल्या, त्याच्या पुढच्याच वर्षी, १८६५ च्या हजमध्ये पटकीची भयंकर साथ उसळली. सुमारे नव्वद हजार यात्रेकरूंपैकी पंधरा हजार दगावल्याचा अंदाज केला जातो. परतणाऱ्या जहाजांबरोबर रोग इजिप्तमध्ये आणि तिथून युरोपात पोचला. त्यामुळे हादरलेल्या राष्ट्रांनी १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरवली. पुढे तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर हिंदुस्थानातून जाणाऱ्या यात्रेकरूंना विलगीकरणात ठेवले जाऊ लागले. आपल्याकडे पंढरीच्या वारीनेही पटकीचे असेच आघात सोसले, आणि पुढच्या काळात वारकऱ्यांना लस टोचण्याची व्यवस्था आली. आज ज्याला आपण जागतिक सार्वजनिक आरोग्य म्हणतो, त्याच्या पायात मक्केच्या आणि आपल्या यात्रांच्या अनुभवाचे दगड आहेत.

हा क्रम पुढेही चालू राहिला. १९८७ च्या हजमध्ये मेनिंगोकॉकस जंतूमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची साथ आली आणि यात्रेकरूंस त्याची लस सक्तीची झाली. २००० आणि २००१ मध्ये त्याच जंतूचा ‘डब्ल्यू १३५’ हा निराळा प्रकार उद्भवला, तेव्हा लस बदलून चार प्रकारांविरुद्ध संरक्षण देणारी करण्यात आली. भारतातून जाणाऱ्या हाजींना पोलिओचे थेंबही दिले जात आले आहेत. शुभ्र दाढीचे आजोबा पाच वर्षांच्या बालकासारखा ‘आ’ करून दोन थेंब घेतात, हे दृश्य बालरोगतज्ज्ञाच्या मनाला मोठी गंमत आणि समाधान देऊन जाते. १९९५ नंतर मुंबईहून जेद्द्याला जाणारी हजची जहाजे बंद झाली. अलीकडच्या काही वर्षांत आपल्या इंदूरच्या विमानतळावरूनही हजयात्री रवाना झाले आहेत.

तरीही धडा पुरा झालेला नाही. जून २०२४ मध्ये मक्केतील तापमान ५१ अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि तेराशेहून अधिक यात्रेकरू मृत्युमुखी पडले. सौदी शासनाने दिलेल्या माहितीनुसार त्यांतील पाचांपैकी चारांहून अधिक जण परवान्याविना आलेले होते. परवाना नाही म्हणून तंबू नाही, तंबू नाही म्हणून सावली नाही, वाहन नाही म्हणून उन्हात पायपीट. ऊन सर्वांवर सारखेच पडले. मरण मात्र ज्यांना निवारा नव्हता त्यांच्याच वाट्याला अधिक आले. आपल्या मोठ्या रुग्णालयांच्या आवारात, झाडाखाली वा पदपथावर चूल मांडून राहणाऱ्या नातलगांकडे पाहताना ही गोष्ट आठवावी.

इथे आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नगरीत आपण राहतो. १७८० मध्ये त्यांनी काशीविश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले हे सर्वांना ठाऊक असते, परंतु मंदिरांइतकेच लक्ष त्यांनी घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे आणि रस्ते यांवर दिले. आपल्या राज्याच्या सीमेपलीकडील तीर्थक्षेत्रीही त्यांनी यात्रेकरूची सोय पाहिली. देव तर तिथे आधीपासूनच होता. त्याच्यापर्यंत थकून पोचणाऱ्या माणसाला पाणी, सावली आणि घास मिळावा, याची चिंता त्या मातोश्रींनी वाहिली. गाडगेबाबांनीही हेच केले. पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या, आणि स्वतः मात्र झाडू हाती घेऊन देवळाबाहेरच राहिले. आज मुंबईत दादरला त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण आणि त्यांचे नातलग राहतात. यात्रेकरू आणि रुग्ण यांचे नाते जोडणारा याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही.

पाणी कुठे लागले?

आता या साऱ्या विवेचनाच्या गाभ्याशी येतो. हजच्या विधींत ‘सई’ नावाचा एक विधी आहे. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये यात्रेकरू सात फेऱ्या करतात. सातही मिळून अंतर तीन किलोमीटरांहून अधिक भरते. हा विधी कशाचे स्मरण आहे? एका आईच्या धावपळीचे. परंपरा सांगते की, हजरत इब्राहीम यांनी ईश्वरी आज्ञेने बीबी हाजरा आणि तान्हा इस्माईल यांना या निर्जल दरीत ठेवले. जवळचे पाणी संपले. आईचे दूध आटले. बाळ तहानेने तडफडू लागले. त्याचे हाल पाहवेनात, म्हणून ती माउली एका टेकडीवर चढली, कोणी दिसते का पाहिले, धावत खाली उतरली, दुसऱ्या टेकडीवर चढली. अशी ती सात वेळा धावली.

बालरोगतज्ज्ञाने ही कथा वेगळ्या कानांनी ऐकावी. आपल्या पाठ्यपुस्तकांत निर्जलीकरणाची जी लक्षणे आपण पाठ केली, ती सारी त्या दरीत होती. आणि जगातील मोठमोठे सम्राट, पंडित, धनिक त्या पवित्र नगरीत जाऊन ज्या कृतीचे अनुकरण करतात, ती कृती एका निराधार बाईची, आजारी लेकरासाठी केलेली धावपळ आहे. मातृत्वाचा याहून मोठा गौरव कोणत्या विधीने केला असेल?

परंतु कथेतील मर्म अजून पुढे आहे. पाणी कुठे लागले? सफावर नाही, मरवावर नाही. ज्या टेकड्यांकडे आई धावत होती तिथे पाणी नव्हतेच. जिथे बाळ पडले होते, तिथे, त्याच्या पायांपाशी झरा फुटला. तोच जमजम. पाणी लागले म्हणून माणसे आली, वस्ती झाली, आणि परंपरेप्रमाणे नगरी त्यानंतर वसली. म्हणजे, बाळ मक्केला गेले नाही. बाळापाशी पाणी आले आणि त्याभोवती मक्का झाली.

आणि आपली पंढरी? तिची कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकलेली आहे. काशीला निघालेला पुंडलिक वाटेत उपरती होऊन आईवडिलांच्या सेवेला लागला. त्याला भेटण्यासाठी साक्षात देव दाराशी आला. सेवेत खंड पडू नये म्हणून पुंडलिकाने मागे न वळता वीट भिरकावली, आणि देव तिच्यावर कर कटावर ठेवून उभा राहिला तो राहिलाच. इथेही भक्त देवाकडे गेला नाही. जिथे थकलेल्या जिवांची सेवा चालली होती, तिथे देव आला आणि त्या जागेची पंढरी झाली.

दोन धर्म, दोन भाषा, दोन भूमी. पण सांगणे एकच. तीर्थ जन्माला येते ते जिथे गरज आहे, जिथे सेवा आहे, तिथे. गर्दी नंतर येते. आपण मात्र उपमा उचलताना गर्दी उचलली आणि झरा तिथेच ठेवला.

वैद्यकाच्या इतिहासात झरा बाळाच्या पायांपाशी नेणारी माणसे झाली आहेत. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीने थैमान घातले, तेव्हा बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापाशी शिरेवाटे देण्याचे द्रव संपत आले होते. त्यांनी मीठ, साखर आणि सोडा यांचे मिश्रण पिंपांतून कालवून नातलगांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसवरून चारच्या खाली आले. आईच्या हातातील पेला हेच रुग्णालय झाले. २०२२ मध्ये महालनबीस निवर्तले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. तोवर त्या पेल्याने जगभरात वाचवलेल्या बालकांची गणती कोट्यवधींत गेली होती.

आपल्या महाराष्ट्रात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. नवजात बाळांना रुग्णालयात आणणे शक्य नसेल, तर रुग्णालयातील ज्ञान बाळाच्या झोपडीत न्यावे, हा त्यांचा विचार. गावातील थोडे शिकलेल्या स्त्रियांना त्यांनी बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि उपचार करणे शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाने दाखवले की, त्या गावांतील नवजात मृत्यू शेकडा बासष्टने घटले. २०११ मध्ये भारत शासनाने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात शिशूंच्या काळजीचा कार्यक्रम सुरू केला, तो याच पायावर. पश्चिम बंगालमधील पुरुलियाच्या जिल्हा रुग्णालयात २००३ मध्ये नवजात शिशूंचा विशेष कक्ष उभा राहिला आणि पुढे देशभरातील जिल्हा रुग्णालयांनी तो कित्ता गिरवला. हे सारे जमजमचेच वंशज आहेत, असे मला वाटते.

आपल्यापुरते

मोठी रुग्णालये नकोत, असे मी म्हणत नाही. हृदयाला जन्मतः छिद्र असलेल्या, रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलाला मोठ्या केंद्रातच यावे लागणार, आणि ते केंद्र सर्वोत्तमच असले पाहिजे. परंतु अतिसाराचे, न्यूमोनियाचे, कमी वजनाचे जे बाळ गावाजवळ बरे होऊ शकते, त्याला इंदूरपर्यंत यावे लागणे हा आपल्या शहराचा गौरव नव्हे. रुग्णांच्या गर्दीवरून वैद्यनगरीची थोरवी मोजण्याची सवय आपण सोडावी. कितीजणांना इथवर यावेच लागले नाही, हे थोरवीचे खरे माप आहे.

आपल्या मंडळातील सभासदांना यासाठी करता येण्याजोग्या गोष्टी फार अवघड नाहीत. रुग्णास परत पाठवताना त्याच्या भाषेत, वाचता येईल अशा अक्षरांत, पुढील उपचारांची चिठ्ठी द्यावी, आणि ज्या डॉक्टरांनी त्याला आपल्याकडे धाडले त्यांना दूरध्वनी करून निदान सांगावे. एका फोनने पुढच्या पाच बाळांचा प्रवास वाचू शकतो. जे काम तिथेच होण्याजोगे आहे, त्यासाठी रुग्णाला दहा-दहा दिवसांनी इथे बोलावू नये. महिन्यातील एखादा रविवार झाबुआ-बडवानीच्या जिल्हा रुग्णालयातील परिचारिकांना शिकवण्यासाठी द्यावा. तिथे आपण शिकवू त्याहून अधिक शिकून येऊ. आणि जे येणारच, त्यांच्या आईला रात्री पाठ टेकण्यास जागा, स्वच्छ पाणी आणि गरम घास मिळेल, एवढे पाहावे. इंदूरच्या मराठी समाजाची मंगल कार्यालये, वसतिगृहे आणि न्यास यांची परंपरा मोठी आहे. अहिल्यादेवींचे नाव घेणाऱ्या समाजाला धर्मशाळेचा अर्थ कोणी शिकवावा लागू नये.

राहता राहिली उपमा. ती वापरू नये, असा माझा आग्रह नाही. भाषेला बंध घालता येत नाहीत, आणि एकमेकांच्या तीर्थांची नावे आदराने उच्चारणे ही जवळीकच आहे. एवढेच वाटते की, यापुढे कोणी आपल्या शहराला वैद्यकाची मक्का वा पंढरी म्हटले, तर टाळी वाजवण्यापूर्वी आपण क्षणभर दोन चित्रे आठवावी. तापलेल्या वाळूवर धावणारी एक आई, आणि आईबापांचे पाय चेपत दाराकडे पाठ करून बसलेला एक मुलगा. त्या आईला धावावे लागू नये आणि त्या मुलाच्या सेवेत खंड पडू नये, इतके जरी आपल्या हातून घडले, तरी इंदूरला कोणत्याही उपमेची उणीव भासणार नाही.